शेजार आणि चषक : दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेचा आढावा

राष्ट्रीय संघांच्या फुटबॉल स्पर्धा स्थूलमानाने तीन पातळ्यांवर खेळल्या जातात. सर्वांत वर विश्वचषक, त्याखाली आशियाई चषकासारख्या खंडीय स्पर्धा आणि त्याहून खाली परस्परांना भिडलेल्या देशांनी आपापसात भरवलेल्या प्रादेशिक स्पर्धा. या तिसऱ्या पातळीकडे क्रीडासमीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. येथे जिंकल्याने विश्वचषकाचे दार उघडत नाही आणि जागतिक क्रमवारीतही, म्हणजे आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघ (फिफा) सामन्यांच्या निकालांवरून जी यादी लावतो तीतही, अशा सामन्यांना मैत्रीपूर्ण लढतीइतकेच तुटपुंजे वजन मिळते. तरीही दक्षिण आशियातील देशांची ही स्पर्धा, जी दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या आद्याक्षरांवरून ‘सॅफ’ या नावाने ओळखली जाते, १९९३ पासून युद्धे, बंदी, व्हिसाचे घोळ आणि रिकामी तिजोरी या सर्वांतून वाट काढत टिकून राहिली आहे. तिने या देशांना काय दिले, भारतासारख्या नऊ वेळा जिंकलेल्या देशाने तिच्यातून काय घेतले आणि मराठी मुलखाचा तिच्याशी कोणता संबंध आहे, या प्रश्नांचा एकत्रित विचार मराठीत फारसा झालेला नाही.

शेजाऱ्यांनी आपापसात खेळण्याची परंपरा आंतरराष्ट्रीय फुटबॉलइतकीच जुनी आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चार संघांची ब्रिटिश स्पर्धा १८८४ मध्ये सुरू झाली आणि १९८४ मध्ये थांबली. मोठ्या संघांना तुल्यबळ परदेशी प्रतिस्पर्धी अधिक मोलाचे वाटू लागले, इंग्लंड व स्कॉटलंड यांनी अंग काढून घेतले आणि शंभर वर्षांची स्पर्धा बंद पडली. याउलट दक्षिण अमेरिकेत १९१६ मध्ये चार संघांनिशी सुरू झालेली स्पर्धा वाढत जाऊन त्या खंडाची मुख्य स्पर्धा ठरली. आखाती देशांची स्पर्धा १९७० पासून आणि आग्नेय आशियाची १९९६ पासून चालू असून दोन्ही ठिकाणी प्रेक्षकांनी मैदाने भरतात. या उदाहरणांवरून एवढे दिसते की शेजाऱ्यांच्या स्पर्धेचे आयुष्य खेळाच्या दर्जावर कमी आणि त्यांतील सर्वांत बलवान सदस्याच्या इच्छेवर अधिक अवलंबून असते. दक्षिण आशियात तो सदस्य भारत आहे.

या उपखंडातील पहिला प्रयोग मात्र सॅफच्या चाळीस वर्षे आधीचा आहे. १९५२ ते १९५५ या चार वर्षांत भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन या चार देशांनी ‘कोलंबो चषक’ नावाची चौरंगी स्पर्धा भरवली. ती अनुक्रमे कोलंबो, रंगून, कलकत्ता आणि ढाका येथे, म्हणजे दरवर्षी नव्या यजमानाकडे झाली. पहिल्या वर्षी भारत व पाकिस्तान संयुक्त विजेते ठरले आणि पुढची तिन्ही विजेतेपदे भारताने एकट्याने मिळवली. फाळणीला जेमतेम सात-आठ वर्षे उलटली असताना, निर्वासितांच्या वसाहती अजून वसत असताना या दोन देशांचे संघ एकमेकांच्या भूमीवर जाऊन खेळत होते आणि हजारो लोक ते पाहत होते, ही गोष्ट आजच्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे.

त्या काळाचा विचार करताना मुखेडसारख्या गावाचे नकाशावरील स्थान ध्यानात घेणे उद्बोधक ठरते. नांदेड जिल्ह्यातील, तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमेलगतच्या पट्ट्यातील हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता. कोलंबो चषकाची चारही वर्षे मराठवाडा हैदराबादेशी जोडलेला होता आणि नेमक्या याच वर्षांत हैदराबाद शहर भारतीय फुटबॉलचे मुख्य केंद्र बनले होते. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने मुंबईचा प्रतिष्ठेचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. व्यवसायाने शिक्षक असलेले हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे १९५१ च्या दिल्लीतील आशियाई सुवर्णपदकाचे, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधील चौथ्या क्रमांकाचे आणि १९६२ च्या जकार्ता येथील दुसऱ्या आशियाई सुवर्णपदकाचे प्रशिक्षक होते. म्हणजे भारताच्या राष्ट्रीय संघाला घडवणारी शाळा मराठवाड्याच्या तेव्हाच्या राजधानीत होती. मुखेडहून आजही मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ पडते. असे असूनही गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात हा खेळ रुजला नाही. राजधानीतला फुटबॉल पोलीस दल, लष्करी छावण्या आणि शहरी शाळा यांच्या आश्रयाने वाढला होता आणि यांपैकी एकही आधार तालुक्याच्या गावी पोचला नव्हता. तेथे खेळाला जो लोकाश्रय होता तो माळेगावसारख्या यात्रेतील कुस्त्यांच्या फडाला आणि गावोगावच्या कबड्डी-खो-खोला होता. पुढे प्रशासकीय नाळ मुंबईशी जोडली गेली तेव्हा फुटबॉलचा तो जवळचा झराही तुटला. खेळाच्या इतिहासलेखनात मराठवाड्याचा हा हुकलेला योग कधी नोंदला गेलेला नाही आणि तो नोंदला जायला हवा.

१९५५ नंतर कोलंबो चषक बंद पडला. पुढची तीसएक वर्षे शेजारी संघ एकमेकांना मलेशियातील मर्डेका स्पर्धेत किंवा आशियाई खेळांत ओझरते भेटत राहिले. १९८४ मध्ये काठमांडूत दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा सुरू झाल्या आणि त्यांतील फुटबॉलचे पहिले सुवर्ण यजमान नेपाळने जिंकले. १९८५ मध्ये सार्क ही प्रादेशिक सहकार्य संघटना स्थापन झाली आणि तिच्याच नावाने १९९३ मध्ये लाहोरला ‘सार्क सुवर्णचषक’ खेळला गेला. भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळ असे चारच संघ होते. सर्वांनी सर्वांशी खेळायचे आणि गुण मोजायचे, अशा साखळी पद्धतीने झालेली ती स्पर्धा भारताने जिंकली. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतरच्या त्या अस्वस्थ वर्षात भारतीय संघ लाहोरला जाऊन खेळला आणि चषक घेऊन परतला, याचे महत्त्व खेळापुरते मर्यादित नव्हते. १९९५ मध्ये कोलंबोत श्रीलंकेने अंतिम सामन्यात भारताला १-० असे हरवले. हे त्या देशाचे आजवरचे एकमेव विजेतेपद. १९९७ मध्ये दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ रीतसर स्थापन झाला आणि त्याच वर्षी काठमांडूत भारताने मालदीवला ५-१ असे नमवले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत जवळचे पर्व १९९९ चे आहे, कारण त्या वर्षी स्पर्धा गोव्यात, मडगावच्या फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाली. एप्रिलच्या अखेरीस सहा संघ तेथे जमले. भारत, बांगलादेश आणि पाकिस्तान एका गटात, तर मालदीव, नेपाळ आणि श्रीलंका दुसऱ्या गटात होते. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशाला २-० असे हरवले आणि मालदीवने तिसरा क्रमांक मिळवला. या निकालापेक्षा त्या दिवसांचा संदर्भ अधिक बोलका आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली-लाहोर बस सुरू झाली होती आणि दोन्ही देशांत सलोख्याची भाषा बोलली जात होती. पाकिस्तानचा संघ गोव्यात आला, भारताशी खेळला, हरला आणि परतला. मे महिना उजाडताच कारगिलच्या शिखरांवरील घुसखोरी उघड झाली आणि जुलैपर्यंत युद्ध चालले. दोन देशांच्या फुटबॉल संघांनी गोव्याच्या मैदानावर हस्तांदोलन केल्यानंतर काही दिवसांतच त्यांचे सैनिक एकमेकांवर तोफा डागत होते. शेजाऱ्यांच्या स्पर्धेकडून शांततेची अपेक्षा धरणाऱ्यांनी हे पर्व विसरू नये. खेळ राजकारणाला वळण लावू शकत नाही. राजकारणाने जेवढी फट मोकळी ठेवली असेल तेवढ्याच फटीतून तो पलीकडे जातो. परंतु ती फट मोकळी असते तेव्हा तिचा उपयोग करून घेणारे कोणीतरी हवे असते आणि गोव्याने त्या वर्षी ते काम केले.

गोवा या स्पर्धेला केवळ मैदान देऊन थांबला नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी तेथे जी व्यावसायिक घडी बसवली होती, तिच्यातून राष्ट्रीय संघाला सातत्याने खेळाडू मिळत गेले. त्यांपैकी महेश गवळी हे नाव या स्पर्धेच्या इतिहासात दोनदा ठळकपणे येते. २००५ मध्ये कराचीत बांगलादेशाविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात भारताचा पहिला गोल या बचावपटूने केला. दुसरा बायचुंग भुतियाचा होता आणि भारत २-० ने जिंकला. पाकिस्तानच्या भूमीवर भारतीय संघाने मिळवलेला तो दुसरा दक्षिण आशियाई चषक होय. त्यानंतर अठरा वर्षांनी, २०२३ मध्ये, तेच गवळी सहायक प्रशिक्षक म्हणून संघासोबत होते आणि मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना लाल कार्डांमुळे मैदानाबाहेर बसावे लागल्याने उपांत्य व अंतिम सामन्यांत संघाची सूत्रे त्यांनीच हाताळली. २०११ मध्ये दिल्लीत अफगाणिस्तानवर ४-० असा विजय मिळवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक साव्हियो मदेरा हेही गोव्याचेच, आणि त्या अंतिम सामन्यातील एक गोल गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडाचा. गोव्याच्या या वाट्याची दखल महाराष्ट्रात फारशी घेतली जात नाही, ही खेदाची बाब आहे.

स्पर्धेचे खरे महत्त्व मात्र भारताच्या विजयांत शोधू गेल्यास हाती फारसे लागणार नाही. ते शोधायचे तर मालदीव, भूतान आणि अफगाणिस्तान यांच्याकडे पाहावे लागते. मालदीवची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या नांदेड शहराएवढीच. या द्वीपदेशाने २००८ मध्ये कोलंबोत भारताला १-० असे आणि २०१८ मध्ये ढाक्यात २-१ असे हरवून दोनदा चषक नेला. त्याचा आघाडीवीर अली अश्फाक याने या स्पर्धेत एकूण २३ गोल केले असून त्यांपैकी दहा २०१३ च्या एकाच स्पर्धेतील आणि त्यांतले सहा श्रीलंकेविरुद्धच्या एकाच सामन्यातील आहेत. भारताच्या सुनील छेत्रीला या २३ च्या आकड्याची बरोबरी करण्यासाठी २०२३ पर्यंत थांबावे लागले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत अश्फाकसारखा खेळाडू बलाढ्य संघांपुढे दबून गेला असता आणि जगाला कधी कळलाही नसता. शेजाऱ्यांच्या मैदानावर त्याला त्याच्या मापाचे प्रतिस्पर्धी मिळाले आणि त्याच्या देशाला अभिमान वाटावा असा नायक मिळाला.

२०१८ ची हकीकत तर अपवादात्मक आहे. त्या वर्षी मालदीव आणि श्रीलंका हे दोघेही भारताकडून २-० असे हरले होते आणि त्यांचा आपसातला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला होता. गुण सारखे, केलेले गोल शून्य, खाल्लेले गोल दोन-दोन. तेव्हा कोण पुढे जाणार हे नाणेफेकीने ठरवण्यात आले आणि कौल मालदीवच्या बाजूने लागला. गटात एकही गोल न करता पुढे आलेल्या या संघाने उपांत्य सामन्यात नेपाळला व अंतिम सामन्यात भारताला हरवून विजेतेपद मिळवले. श्रीलंकेच्या खेळाडूंना तो दिवस किती कडू वाटला असेल याची कल्पना करता येते, परंतु नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता.

भूतानचा प्रवास याहून संथ आणि म्हणून अधिक शिकवणारा आहे. २००० मध्ये महासंघाचा सदस्य झालेला हा देश फिफाच्या क्रमवारीत अगदी तळाशी होता. ३० जून २००२ रोजी, ज्या दिवशी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला जात होता त्याच दिवशी, क्रमवारीतल्या शेवटच्या दोन संघांचा सामना म्हणून थिंपूत भूतान आणि कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेरात यांची लढत भरवण्यात आली होती आणि भूतानने ती ४-० ने जिंकली होती. सॅफ स्पर्धेत २००३ पासून सतत मार खाल्ल्यानंतर २००८ मध्ये याच भूतानने अफगाणिस्तानला हरवून उपांत्य फेरी गाठली आणि तेथे भारताला विजयासाठी जादा वेळेपर्यंत, म्हणजे ठरलेल्या ९० मिनिटांनंतर दिल्या जाणाऱ्या अर्ध्या तासापर्यंत झुंजवले. पाच वर्षे हरत राहण्याची संधी मिळाली नसती तर तो दिवस आला नसता. दुबळ्या संघाला अशी नियमित संधी देणारी दुसरी कोणतीही स्पर्धा या भागात नाही.

अफगाणिस्तान २००५ मध्ये महासंघात आला आणि आठ वर्षांत विजेता झाला. २०१३ मध्ये काठमांडूत त्याने भारताला २-० असे हरवले तेव्हा काबूलच्या रस्त्यांवर रात्री उशिरापर्यंत लोक नाचत होते. दशकानुदशके युद्धात होरपळलेल्या देशाच्या संघाने मिळवलेले ते पहिलेच आंतरराष्ट्रीय फुटबॉल विजेतेपद होते. जानेवारी २०१६ मध्ये तिरुवनंतपुरम येथे भारताने जादा वेळेत २-१ असा विजय मिळवून त्याची परतफेड केली. परंतु तोपर्यंत अफगाणिस्तानने मध्य आशियाई महासंघात जाण्याचा निर्णय घेतला होता आणि तो त्याचा या स्पर्धेतील अखेरचा सामना ठरला. दक्षिण आशियाई फुटबॉलचे त्यामुळे मोठे नुकसान झाले, कारण गेल्या दोन दशकांत भारताला या स्पर्धेत सलग तीन अंतिम सामन्यांत सामोरा आलेला तो एकमेव संघ होता. अशा प्रतिस्पर्ध्याशिवाय भारताची विजेतेपदे पोकळ वाटू लागतात.

नेपाळची उपेक्षा मात्र येथे करता येणार नाही. काठमांडूच्या दशरथ रंगशाळेत या स्पर्धेला मिळणारा प्रतिसाद इतरत्र क्वचितच दिसतो, तरी पुरुषांच्या अंतिम फेरीत नेपाळ प्रथम पोचला तो २०२१ मध्ये माले येथे आणि तेथे भारताकडून ३-० ने हरला. बांगलादेशानेही २००३ मध्ये ढाक्यात मालदीववर पेनल्टींच्या जोरावर मिळवलेल्या विजयानंतर पुरुषांचा चषक पुन्हा जिंकलेला नाही.

आता भारताच्या भूमिकेकडे वळावे लागते आणि येथे थोडे कठोर लिहिणे भाग आहे. फिफा वर्षातील काही ठरावीक दिवस आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवते. त्या दिवसांत क्लबांना आपले खेळाडू देशासाठी मोकळे करावेच लागतात, एरवी तसे बंधन नसते. सॅफ स्पर्धा बहुधा या राखीव दिवसांच्या बाहेर पडते. परिणामी क्लब कुरकुरतात, राष्ट्रीय प्रशिक्षक मुख्य खेळाडू वाचवून ठेवतात आणि भारत अनेकदा तेवीस वर्षांखालील मुलांचा संघ पाठवतो. २००९ मध्ये ढाक्यात अशा तरुण संघाने मालदीवला पेनल्टींवर हरवून चषक जिंकला हे कौतुकास्पद होते. २०१८ मध्ये मात्र तशाच संघाने तो गमावला. तरुणांना संधी देणे योग्यच आहे, परंतु शेजारी देश ज्या स्पर्धेसाठी आपला सर्वोत्तम संघ वर्षभर तयार करतात तिला सरावाचा आखाडा समजण्यात एक प्रकारचा अहंकार दडलेला आहे. ब्रिटिश स्पर्धा याच वृत्तीने संपली. भारताच्या नऊ विजेतेपदांनी (१९९३, १९९७, १९९९, २००५, २००९, २०११, २०१५, २०२१ आणि २०२३; यांपैकी २०१५ च्या स्पर्धेचा अंतिम सामना नव्या वर्षात झाला) देशातील फुटबॉलच्या उणिवांवर पांघरूण घातले आहे, हे त्याहून गंभीर आहे. या स्पर्धेत जिंकणारा संघ आशियाई चषकाच्या साखळीतच गारद होतो आणि तरी दर दोन वर्षांनी मिळणारा चषक सर्व काही ठीक असल्याचा भास निर्माण करतो.

दुसरी अडचण सीमेची. पाकिस्तानच्या महासंघावर फिफाने अंतर्गत भांडणे आणि बाहेरचा हस्तक्षेप यांमुळे वारंवार बंदी घातली, त्यामुळे २०२१ मध्ये तो देश खेळू शकला नाही. २०१५ मध्ये त्याने स्वतःहून माघार घेतली होती. श्रीलंकेवर जानेवारी २०२३ मध्ये तशीच बंदी आली. याउपर व्हिसा. २०२३ मध्ये बंगळुरूच्या स्पर्धेसाठी पाकिस्तानचा संघ मॉरिशसहून येणार होता, परंतु परवानग्या लांबल्याने तो सामन्याच्या दिवशीच शहरात पोचला आणि त्याच संध्याकाळी श्री कंठीरवा स्टेडियमवर भारताविरुद्ध उतरला. छेत्रीने तीन गोल केले, भारत ४-० ने जिंकला आणि मैदानावर जल्लोष झाला. रात्रभराच्या प्रवासाने शिणलेल्या पाहुण्यांना पराभूत करून मिळवलेल्या या विजयाचे मोल किती धरावे, हा प्रश्न ज्याचा त्याने विचारावा. यजमानपदाची रीत मात्र तेथे पाळली गेली नाही, एवढे स्पष्ट म्हटले पाहिजे. ही स्पर्धा खेळवणाऱ्या प्रत्येक सरकारने संघ ठरताक्षणी व्हिसाची हमी द्यावी, ही किमान अट महासंघाने घालायला हवी होती आणि ती अजूनही घालता येईल.

त्याच २०२३ च्या स्पर्धेत श्रीलंका व अफगाणिस्तान नसल्याने कुवेत आणि लेबनॉन या पश्चिम आशियाई देशांना पाहुणे म्हणून बोलावण्यात आले. दर्जा उंचावला, यात शंका नाही. भारताने उपांत्य सामन्यात लेबनॉनला पेनल्टींवर ४-२ असे हरवले आणि ४ जुलैच्या अंतिम सामन्यात कुवेतशी गाठ पडली. कुवेतने आधी गोल केला, लालियानझुआला छांगटेने बरोबरी साधली आणि १२० मिनिटांअंती १-१ अशी स्थिती राहिल्याने पेनल्टी शूटआउट घ्यावे लागले. यात प्रत्येक संघ आळीपाळीने गोलपासून सुमारे अकरा मीटरवरून पाच फटके मारतो आणि पाचांनंतरही बरोबरी राहिली तर एकेका फटक्याने निकाल लावतात. कुवेतचा पहिला फटका गोलच्या दांडीवर आदळला, भारताच्या उदांता सिंगचा हुकला आणि पाच-पाच फटक्यांनंतर आकडा ४-४ झाला. मणिपूरच्या नाओरेम महेश सिंगने सहावा फटका जाळ्यात धाडला. मग कुवेतचा कर्णधार चेंडूमागे उभा राहिला आणि गुरप्रीत सिंग संधूने डावीकडे झेप घेऊन तो फटका हाताने बाहेर ढकलला. प्रादेशिक स्पर्धेच्या इतिहासात याहून थरारक अंतिम सामना क्वचितच झाला असेल. तरीही पाहुण्या संघांची ही प्रथा कायम करू नये, असे मत येथे नोंदवावेसे वाटते. ज्या वर्षी कुवेत आणि लेबनॉन उपांत्य फेरीत बसले त्या वर्षी नेपाळ, भूतान, पाकिस्तान आणि मालदीव हे चारही देश गटातूनच परतले. बलवान पाहुण्यामुळे यजमानाचा सराव होतो हे खरे, पण घरातल्या धाकट्यांची जागा जाते. २०२५ मध्ये अपेक्षित असलेली पुढची स्पर्धा लांबणीवर टाकण्यात आली, यावरूनही महासंघाला अजून स्थिर घडी सापडलेली नाही हे दिसते.

या सर्व विवेचनात सर्वांत मोठे परिवर्तन मात्र पुरुषांच्या मैदानावर घडलेले नाही. महिलांची दक्षिण आशियाई स्पर्धा २०१० मध्ये बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे सुरू झाली आणि भारताने पहिल्या पाचही स्पर्धा जिंकल्या. २०१४ मध्ये इस्लामाबादेत तर अंतिम सामन्यात नेपाळला ६-० असे हरवले. मग २०२२ मध्ये काठमांडूत चित्र पालटले. बांगलादेशाने साखळीत भारताला ३-० असे नमवले, नेपाळने उपांत्य सामन्यात भारताला बाहेर काढले आणि अंतिम सामन्यात बांगलादेश नेपाळवर ३-१ ने विजयी झाला. कर्णधार साबिना खातूनच्या संघाची ढाक्यात उघड्या बसमधून मिरवणूक निघाली आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. २०२४ मध्ये त्याच मैदानावर बांगलादेशाने नेपाळलाच २-१ असे हरवून चषक राखला. या बदलाचे मूळ शोधताना मैमनसिंह जिल्ह्यातील, मेघालयाच्या डोंगरपायथ्याजवळच्या कलसिंदूर या खेड्याचे नाव घ्यावे लागते. बांगलादेश सरकारने २०११ पासून प्राथमिक शाळांतील मुलींसाठी देशव्यापी फुटबॉल स्पर्धा भरवली. त्या काळी ती बंगमाता सुवर्णचषक या नावाने ओळखली जाई. कलसिंदूरच्या सरकारी प्राथमिक शाळेतील मुली ती वारंवार जिंकत राहिल्या. शिक्षकांनी त्यांना शाळेच्या मैदानावर सराव दिला, सुरुवातीला गावातून विरोध झाला, अनवाणी खेळणाऱ्या मुली पुढे राष्ट्रीय संघात गेल्या आणि दक्षिण आशियाच्या विजेत्या संघातील कित्येक खेळाडू त्या एकाच शाळेतल्या निघाल्या. भारतीय महिला संघाला हरवणारी शक्ती कोणत्याही महागड्या अकादमीत तयार झाली नव्हती. सरकारी शाळेचा शिक्षक, एक चेंडू आणि दरवर्षी न चुकता होणारी स्पर्धा, एवढ्यावर ती उभी राहिली.

हा धडा महाराष्ट्राला जवळून लागू पडतो. राज्यात फुटबॉलची जिवंत लोकपरंपरा कोल्हापुरात आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींनी, म्हणजे मूळच्या कुस्तीच्या आखाड्यांनी, तेथे आपापले संघ उभे केले आणि शाहू स्टेडियमवरील सामन्यांना सारे शहर लोटते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. मराठवाड्यातही तालमी होत्या आणि आहेत, परंतु त्यांनी हा खेळ उचलला नाही. नांदेडने मैदानी खेळांपैकी जपली ती हॉकी. सतरा वर्षांखालील त्याच विश्वचषकाच्या निमित्ताने राज्य सरकारने शाळाशाळांत फुटबॉल वाटले आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी दहा लाख मुलांनी एकाच दिवशी खेळावे, असा उपक्रम राबवला. जिल्हा परिषदेच्या शाळांतील अनेक मुलांच्या पायाला खरा फुटबॉल तेव्हा प्रथमच लागला. हेतू उत्तम होता आणि त्या दिवसाचा उत्साहही खरा होता. पण कलसिंदूरला चेंडूच्या मागोमाग दरवर्षीची स्पर्धा आली, तशी येथे आली नाही. हवा गेलेला फुटबॉल कपाटात पडून राहतो. त्याची काळजी घेणारा शिक्षक आणि पुढच्या वर्षीचा सामना असेल तरच तो मैदानावर राहतो.

मार्ग अजिबात नाही असे मात्र नाही. हवाईदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून दिल्लीत शालेय फुटबॉलची देशव्यापी स्पर्धा भरते. सतरा वर्षांखालील मुले आणि मुली यांचे स्वतंत्र गट तिच्यात आहेत. मुखेडच्या एखाद्या शाळेने संघ उभा केला तर त्याला तालुका, नांदेड जिल्हा, लातूर विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत तेथवर जाता येते. या स्पर्धेत शेजारी देशांच्या शाळांनाही निमंत्रण असते. बांगलादेशातील क्रीडा शिक्षण प्रतिष्ठान, म्हणजे बीकेएसपी या नावाने परिचित असलेली निवासी संस्था, आपले संघ तेथे पाठवत आली आहे. राष्ट्रीय संघांचे सामने व्हिसाअभावी अडतात, क्रमवारीच्या हिशेबात मागे पडतात किंवा पुढे ढकलले जातात, त्याच काळात शेजारी देशांची सोळा-सतरा वर्षांची मुले दिल्लीच्या मैदानावर एकमेकांविरुद्ध खेळून जातात. त्या मैदानावर मराठवाड्याचा संघ पोचवायचा तर सुरुवात मुखेडच्या तालुका स्पर्धेपासून करावी लागेल, आणि त्यासाठी पावसाळ्यात होणाऱ्या त्या स्पर्धेच्या प्रवेशयादीत मुलींच्या फुटबॉलचे चार संघ असणे ही पहिली गरज आहे.